चांगुणाबायची उजवी कूस

माझं नाव क्रांती. असं नाव कुठल्या घरात ठेवतात हे वेगळं सांगायला नको. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. नावड्याच्या आमच्या दोन खोल्यांत देवाचा फोटो नव्हता, शाईचा वास मात्र कायम असायचा. मी अक्षरं शिकले ती हँडबिलांवरून — 'कामगार बंधूंनो' हे मी वाचलेले पहिले शब्द. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारच्या काकूंशी मी आठवीत असताना वाद घातलाय. आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना याच सदराबद्दल मी संपादकांना एक रागीट पत्र पाठवलं होतं, की असले भुताखेतांचे अनुभव छापून तुम्ही लोकांना मागे नेताय. ते पत्र काही छापून आलं नाही. आज मीच इथे लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही, कारण मला स्वतःलाच ते पटलेलं नाही... जे घडलं तेवढं सांगते. आणि यात सगळ्यात वाईट गोष्ट जी आहे ती कुठल्या भुताने केलेली नाही, मी केलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते.

उलव्यात, नव्या विमानतळाच्या बाजूला, एका चार मजली इमारतीत वृद्धांसाठीचं नर्सिंग होम आहे. नाव देत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. पहिल्या मजल्यावर चालते-फिरते आजी-आजोबा, दुसऱ्यावर अंथरुणाला खिळलेले. दुसऱ्या मजल्यावर बावीस खाटा. मी तिथे 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' म्हणून लागले. म्हणजे सुरक्षिततेचे नियम पाळले जातात की नाही ते बघायचं. बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का, फरशी ओली राहते का, ज्याची गोळी त्यालाच मिळते का, ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीने बांधलाय का. आणि दर दोन तासांनी कूस बदलली जाते का.

हे शेवटचं नीट समजून घ्या. ज्या माणसाला स्वतःहून हलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी कुणीतरी वळवावं लागतं — डावी कूस, पाठ, उजवी कूस. नाही वळवलं तर हाडाखालची कातडी दबून मरते. आधी लाल डाग, मग फोड, मग खड्डा. म्हणून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक चार्ट लटकवलेला असतो, रोजचं एक पान. जी मावशी वळवेल तिने वेळेसमोर 'डा', 'पा' किंवा 'उ' लिहायचं आणि बाजूला सही करायची. एवढं साधं.

नोकरी लागली तेव्हा मी खूश होते. वाटलं, हे तर बाबांचंच काम मी पुढे नेतेय. बाबांच्या कंपनीत एका मिक्सरला गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, नव्हता. रजिस्टरमध्ये मात्र 'गार्ड तपासला, ठीक' अशी रोज सही पडत होती. त्या मिक्सरमध्ये बाबांच्या मित्राची तीन बोटं गेली. त्यावर बाबांनी काढलेलं पत्रक मला अजून तोंडपाठ आहे. खोट्या सहीने माणसाचा हात कापला जातो, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वक्तृत्व स्पर्धेत म्हणून बक्षीस आणलं होतं...

दोनशे सात नंबरच्या खोलीत चांगुणाबाय होत्या. इथल्याच, खाडीकाठच्या आगरी बाई, 'मला'ला 'माना' म्हणणाऱ्या. गाव विमानतळात गेलं, मुलाने उलव्यात इमारत उभी केली, आणि पॅरालिसिसनंतर आईला आमच्याकडे ठेवलं. जीभ मात्र शाबूत होती. त्यांची आणि माझी पहिली भेट अशी —

मी खोलीत शिरले, हातात चेकलिस्ट. खिडकीला जाळी आहे, टिक. खाटेला कठडे आहेत, टिक.

"ए पोरी, काय लिवतंस?"

"आजी, तुमच्या खोलीची तपासणी करतेय."

"खोलीला काय झायलाय? माना बग. माना वलव गो जरा, पाठ जलते."

"मावशींना पाठवते हं."

"मावशी सकालपासून येतेच हाय." त्या हसल्या. "बरां, तू लिवतंस ना? मंग लिव, चांगुनाबाय तशीच हाय."

मी हसले. मावशींना सांगायचं मनात होतं. जिन्यात फोन आला, कुठलासा फॉर्म मागत होते, आणि मी विसरले. नंतरच्या राउंडमध्येही त्या तेच म्हणायच्या — "लिवला का? तशीच हाय." मी म्हणायचे, "लिहिलं आजी." मी काहीच लिहिलं नव्हतं. तो त्यांचा विनोद आहे असं मी धरून चालले होते.

त्यांच्या खाटेवरच्या हवेच्या गादीची मोटर बिघडली म्हणून ती दुरुस्तीला गेली आणि साधी फोमची गादी आली. महिन्याभरात माकडहाडाशी जखम झाली. नंतर ताप. मुलाने त्यांना मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं.

इथे मला एक सांगू द्या. दोष मावश्यांचा नाही. दुपारच्या पाळीला बावीस खाटांना दोन मावश्या. त्यांनीच भरवायचं, डायपर बदलायचे, फरशी पुसायची, जेवणाची ताटं उचलायची. त्यांनी दर दोन तासांनी बावीस माणसं कशी वळवायची, ते ज्यांनी नियम छापून भिंतीवर लावला त्यांनी करून दाखवावं. मी हे मीटिंगमध्ये बोलले होते, अगदी आवाज चढवून. मॅनेजर सामंत सर म्हणाले, "पॉइंट नोटेड." मला वाटलं, मी लढले. खाली येऊन चहा प्यायले.

चांगुणाबाय गेल्यावर दहाएक दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. वनिताताई, तळवलीला राहतात, बारीक आवाजात बोलतात. "मॅडम, आयेला वलवत होते का तुमच्याकडं? हॉस्पिटलातला डॉक्टर माज्यावं ओरडला, का हिला कोनी वलवला नाय का म्हनून. भाऊ बोलतो सोड आता. पन माना झोप नाय लागत. तुमच्याकडं लिवलेला असंल ना? माना बगाचाय."

मी सामंत सरांना सांगितलं. त्यांनी चांगुणाबायची फाइल मागवली. शेवटच्या तीन आठवड्यांची पानं जवळजवळ कोरी होती. कुठे सकाळचा एक 'पा', कुठे संध्याकाळचा एक 'डा', बाकी काही नाही.

"गुरुवारी त्या येतायत," सर म्हणाले, "आणि पुढच्या सोमवारी असेसर. क्वालिटी सर्टिफिकेटवाले डेथच्या फाइल्स पहिल्या मागतात, तुला माहितीये. ही अशी दाखवायची?"

"पण सर, वळवलंच नसेल तर..."

"नसेल, असं तू कशावरून म्हणतेस? काम केलं, लिहायचं राहिलं. सगळीकडे राहतं. ते फक्त भरून काढायचंय. सर्टिफिकेट नाही मिळालं तर हे बंद पडेल, क्रांती. ही सगळी म्हातारी माणसं कुठे जातील? तूच सांग."

हे वाक्य त्यांनी बरोबर जागी मारलं. लोकांच्या भल्यासाठी, असं कुणी म्हटलं की मी वितळते, लहानपणापासूनची सवय. मी त्याच दिवशी, सोमवारी, जेवण झाल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसले. तीन पेनं घेतली, दोन निळी, एक काळं. अक्षर बदलून लिहायला मला जमतं, बाबांच्या मोर्च्यांचे बोर्ड मी रंगवायचे. डा, पा, उ. डा, पा, उ. आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, दोनला परत डावी. खाली मावश्यांच्या आद्याक्षरांच्या सह्या. दुसऱ्या पानावर माझी चूक झाली — बारालाही 'उ' आणि दोनलाही 'उ' पडलं. खोडलं तर संशय येईल म्हणून तसंच ठेवलं. उलट बरं वाटलं, की खरं वाटेल. सहापर्यंत एकवीस पानं झाली. घरी गेले, जेवले, झोपले.

मंगळवारी सकाळी आठच्या राउंडला दोनशे सातचं दार उघडलं. चांगुणाबाय गेल्यापासून खोली रिकामी होती. चादर नवी, ताणून घातलेली. आणि तिच्यावर खळगा.

कुणी नुकतंच उठून गेल्यावर गादी दबलेली दिसते, तसा. खांद्याचा, कमरेचा, दुमडलेल्या गुडघ्यांचा. उशीवर डोक्याचा. खाटेच्या डाव्या हाताला खिडकी आहे. कुणीतरी डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून झोपलं होतं. मी म्हटलं, पडली असेल कुणी मावशी, तिलाही पाठ आहे. चादर नीट केली.

दहाला इन्चार्ज सिस्टर शबाना मला हाक मारायला आली. शबाना पनवेलकडच्या खाडीकाठच्या गावची, कोकणी मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. "तू बसलेलीस का गो दोनशे सातात?"

"नाही. का?"

"मग कोण महाराणी लोळून गेली? आत्ताच चादर ओढून घेतलेली मी."

या वेळी खळगा मधोमध होता. दोन्ही खांदे, माकडहाड, दोन टाचा. पाठीवर. शबानाने मावश्यांना बोलावून झापलं. त्यातली एक म्हणाली, "सिस्टर, मेलेल्या बाईच्या खाटेवर कोण झोपल? आमी खाली लादीवर बसतो, पण तिथं नाय." ते खरं वाटलं. मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. बाराला जाऊन उघडलं.

उजव्या कुशीवर. तोंड दाराकडे, म्हणजे माझ्याकडे.

मला पहिल्यांदा फोमचा संशय आला. फोम हळूहळू फुगतो, जुने दाब वर येतात, असं काहीतरी. मी चादर काढली, गादी उलटी केली, चादर पुन्हा घातली, कुलूप लावलं. दोनला — डावी. चारला — पाठ. फोटो काढले आहेत. ज्याला दाखवले तो म्हणतो, चादर नीट घातलेली नाही.

चारला मी दाराला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते — आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. आणि मग कळलं, हे मी कालच लिहिलंय.

बुधवारी मी मुद्दाम दुसरं पान घेऊन बसले, चुकलेलं. स्वतःला म्हटलं, हा प्रयोग आहे. ते पान माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. आठ, डावी. दहा, पाठ. बारा, उजवी. मग दोन वाजता कुलूप उघडलं, शबानाला सोबत घेऊन.

खळगा हलला नव्हता. उजव्या कुशीवरच. दोन्ही 'उ', माझी चूक जशीच्या तशी.

शबाना पुढे गेली. कमरेच्या खळग्यात हात ठेवला आणि चटकन काढला. ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. मग मला म्हणाली, "गरम आहे. हात लाव."

मी नाही लावला. "उन्हामुळे असेल," म्हटलं.

"ऊन खिडकीजवळ आहे गो," शबाना म्हणाली. "तुझ्या हातात काय आहे?"

मी पान घडी करून ओढणीखाली धरलं. "काही नाही. चेकलिस्ट."

त्या दिवशी बाबांना सांगावंसं वाटलं. बाबा आता घरीच असतात, श्वासाचा त्रास आहे. मी म्हटलं, "बाबा, ऑफिसमध्ये जरा टेन्शन आहे." ते म्हणाले, "खरं बोलत असशील तर कसलं टेन्शन?" आणि पेपर वाचायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

गुरुवारी साडेअकराला वनिताताई आल्या. चाळिशीच्या, साधी साडी, हातात कापडी पिशवी. सामंत सरांनी त्यांना पाणी दिलं, फाइल उघडून समोर ठेवली. "बघा ताई, एकही वेळ चुकलेली नाही. वयाच्या मानाने कातडी नाजूक असते, काय करणार."

वनिताताई पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होत्या. चार-पाच पानं झाली आणि बोट थांबलं.

"मॅडम, हा 'उ' म्हंजे काय?"

"उजवी," मी म्हटलं. "उजव्या कुशीवर."

"उजवी?" त्यांनी मागची पानं उलटली, मग पुढची. "रोज? दिवसातून चारदा?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "आयेचे उजवे खुब्यात रॉड हाय. पडली व्हती, त्याच्यानंतर ती उजवे कुशीवर कवाच नाय झोपली. जरा तिकडं कलली तरी वरडायची. मी भरती करतानी सांगलेला. तुमी लिवून घेतलेला."

तसं लिहिलेलं होतं. फाइलच्या पहिल्याच पानावर, इंग्रजीत, एका ओळीत. एकवीस खोटी पानं लिहिताना मी ते एक खरं पान उलटलंही नव्हतं. मावश्यांना ते माहीत होतं. म्हणूनच आधीच्या नोंदींत कुठेही 'उ' नव्हता. त्या बाईला ओळखणाऱ्या कुणाकडूनही ही चूक झाली नसती.

"पिलो लावून करतात ताई," सामंत सर लगेच म्हणाले. "दुखत नाही तसं."

वनिताताईंना ते ऐकूच गेलं नाही. "म्हंजे तुमी तिला..." त्यांचे डोळे भरले. "चार-चारदा त्या दुखत्या अंगावं टाकत होते. ती वरडत असंल. कोनी ऐकला नाय?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे सगळं मी एवढ्याचसाठी लिहितेय, की मी तेव्हा बोलले नाही. त्या बाईसमोर आईचं एक असं दुःख उभं राहिलं होतं जे घडलंच नव्हतं, मी पेनाने बनवलेलं. आणि जे घडलं होतं ते मी झाकलं होतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. सर म्हणाले, "चहा घ्या."

"माना तिची खोली बगाचीय," वनिताताई उठल्या.

जिना चढताना मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. मला पुढचं माहीत होतं आणि मी त्यांना थांबवलं नाही. सामंत सरांना फोन आला म्हणून ते खालीच राहिले.

मी कुलूप उघडलं. उजव्या कुशीवर, तोंड दाराकडे. वनिताताई उंबऱ्यात थांबल्या. त्या खळग्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं होतं तसं त्या घाबरल्या नाहीत. खाटेजवळ गेल्या, वाकल्या, आणि जिथे खुबा असतो नेमक्या तिथे हात ठेवला.

"कोन झोपलाय हितं?" त्या हळूच म्हणाल्या. "गरम हाय."

मी काय बोलले ते शब्दशः आठवतंय. "ताई, ते मी लिहिलंय. सगळी पानं. सोमवारी, खाली बसून. तुमच्या आईला उजवीकडे कुणीच वळवलं नव्हतं. डावीकडेही फारसं नाही. त्या पाठीवरच होत्या."

त्यांचा हात खाटेवरच होता. "किती दिवस?"

"माहीत नाही. पानं कोरी होती."

"माना वाटला तुमी तिला छळला," त्या म्हणाल्या. "तुमी तर तिच्याकडं बगलाच नाय."

मी खाली जाऊन फाइल वर खोलीत आणली. रेकॉर्डचा एक नियम आहे, मीच भिंतीवर लावलेला — चुकीची नोंद खाडाखोड करून लपवायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. मी खाटेशेजारच्या जेवणाच्या टेबलावर फाइल उघडली आणि एकेक खोटी नोंद घेतली. रेघ, सही, तारीख. बाजूला लिहिलं, 'ही नोंद मी नंतर केली. काम झालेलं नव्हतं. क्रांती.' वनिताताई स्टुलावर बसून बघत होत्या. एकवीस पानांना बराच वेळ लागतो. सामंत सर एकदा दारात आले, काय चाललंय ते बघून म्हणाले, "तू काय करतेयस कळतंय का तुला?" मी हो म्हटलं. ते वकिलाला फोन करायला गेले.

शेवटची रेघ मारली तेव्हा दोन वाजून गेले होते. चार्टप्रमाणे आता डावी कूस यायला हवी होती. पण चार्ट उरला नव्हता.

"पाठीवं झाली," वनिताताई म्हणाल्या.

मी मान वर केली. खळगा मधोमध होता. खांदे, माकडहाड, टाचा. आम्ही दोघी तिथेच बसलो होतो, आणि तो कधी हलला ते दोघींनीही पाहिलं नव्हतं.

चार वाजले. खळगा हलला नाही. एकदा वनिताताईंनी विचारलं, "तुज्याशी बोलायची का आये?" मी सांगितलं, त्या काय म्हणायच्या ते — लिव, चांगुनाबाय तशीच हाय. त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावला. विमानं उतरत होती, दर वेळी खिडकीची काच थरथरायची. पाच वाजले. सहा. तसाच. माकडहाडापाशी चादर आणखी आणखी आत जात होती. तीन आठवडे त्या कोऱ्या पानांत काय होतं, ते मी चार तास बसून बघितलं.

सहाला वनिताताई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्यांनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि पदर खोचला.

"कसा वलवतात?"

"काय?"

"शिकवला असंल ना तुमाना. दाखव."

मी खाटेच्या डाव्या बाजूला, खिडकीकडे गेले. ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसंच सांगितलं. पलीकडचा गुडघा आधी दुमडायचा. एक हात खांद्यामागे, एक खुब्यामागे. ओढायचं नाही, आपल्याकडे कलतं करायचं. पाठीला उशी. वनिताताईंनी पलीकडून हात घातले, मी माझ्या बाजूने. त्या रिकाम्या चादरीवर. शबाना दारात येऊन उभी होती, ती साक्षीदार आहे, तिने नंतर मला सांगितलं की आम्ही दोघी हवेतच हात करून उभ्या होतो.

"आये, डावीकडं हां," वनिताताई म्हणाल्या. "दुखनार नाय."

आणि माझ्या हातांना वजन लागलं.

त्याहून जास्त मला सांगता येत नाही. खांद्याचं हाड लागलं, ढिली कातडी लागली, कापडाखालची ऊब लागली. ते माझ्याकडे कललं आणि थांबलं. वनिताताईंनी पाठीशी उशी सरकवली. मग हात रिकामे झाले. चादरीवर थोडा वेळ डाव्या कुशीचा खळगा दिसत होता, तोंड खिडकीकडे. फोम सावकाश वर आला आणि चादर सपाट झाली. त्यानंतर त्या खाटेवर कधी काही दिसलं नाही.

त्या निघाल्या तेव्हा मी माफी मागायला लागले. वनिताताईंनी थांबवलं. "ते नको. तुला लिवाला येतं ना बरां? मंग लिव." त्यांनी माफ केलं असं मी धरलेलं नाही.

सोमवारी असेसर आल्या, मी फाइल समोर ठेवली. सर्टिफिकेट अडकलं. नोकरी गेली, ते ठीकच झालं. वनिताताईंनी तक्रार केली आहे, त्यात माझं नाव आहे आणि ते असायलाच हवं. बाबांना सगळं सांगितलं. भुताचा भाग त्यांनी सोडून दिला. बाकीच्यावर म्हणाले, "पत्रक पाठ करून बक्षीस आणलंस, वाचलं नव्हतंस." शबाना अजून तिथेच आहे. दुपारी आता चार मावश्या असतात म्हणते. चार्ट खरा भरतात का? "माझ्या पाळीत भरतात," एवढंच ती सांगते.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. अपराधी मनाचे खेळ म्हणाल, तर मीही तेच म्हटलं असतं... पण दुसऱ्या पानावरची माझी चूक शबानाला माहीत नव्हती, वनिताताईंना उजव्या खुब्यावर हात ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि गादी मी स्वतः उलटी केली होती. मी अजूनही काही मानत नाही. फक्त एक गोष्ट मला सोडत नाही.

आम्ही चांगुणाबायना वळवलं तेव्हा सवयीने मी घड्याळ बघितलं होतं. पलीकडचा गुडघा दुमडण्यापासून उशी लावेपर्यंत एक मिनिटही पुरतं लागलं नाही. आणि वजन... वजन काहीच नव्हतं हो. पहिल्या दिवशी चेकलिस्ट बाजूला ठेवली असती, तर मला एकटीलाही जमलं असतं.